शाळेत टांगलेले जाळे

मित्रांनो, मी एक जुने, मासे धरायचे जाळे आहे. नाक मुरडू नका, वास केव्हाच गेला! माझे अर्धे आयुष्य पाण्यात गेले आणि अर्धे चक्क शाळेत.

स्वराज्य नुकतेच आले होते, तेव्हा ठाण्याच्या खाडीकाठी कोळीवाड्यातल्या दाजी कोळ्यांनी मला विणले. बोय मासा असो की कोळंबी, मी कधी रिकामे परतले नाही. "माजं जालं म्हंजे लक्षुमी!" असे दाजी साऱ्या वाड्याला सांगत आणि मी फुगून जाई. पण एकदा खाडीतल्या खुंटात अडकून मी टरकन फाटले. दाजींनी नवे जाळे विणले. मी कुंपणावर पडून राहिले. गरज सरो, वैद्य मरो!

दाजींची नात मंजुळा. तिची आई जनाबाई सकाळीच मासळीची पाटी घेऊन बाजारात जाई, बाप आणि दाजी होडीवर. मग तान्हा भाऊ नामा मंजुळेच्या कडेवर. शाळेत तान्ही मुले आणायची नाहीत, असा नियम होता. म्हणून ती शाळेच्या खिडकीबाहेर उभी राही आणि आतल्या मुलांबरोबर हळूच पाढे म्हणे. शेवटी हेडमास्तरांनी तिचे नाव पटावरून काढायचे ठरवले.

वर्गाच्या सुमेधाबाई नव्या होत्या. या लोकांना शिक्षणाची ओढच नाही, असा त्यांचा समज. चार शब्द सुनावायला त्या घरी आल्या.

"शाळा का बुडवतेस गं?"

"बाई, नामाला कुनाकरं ठेवू?" मंजुळेचे डोळे भरून आले.

बाईंचा राग जागीच विरला. तेवढ्यात त्यांना कुंपणावर मी दिसले.

"दाजी, हे जाळं शाळेला द्याल?"

"फाटलंय, बाई. यात मासा रानार नाय."

"मासा नको. नामा राहिला म्हणजे झालं!"

दाजी खळखळून हसले. त्यांनी मला सांधले, दुपदरी केले आणि वर्गातल्या तुळईला नामासाठी माझी झोळी टांगली. हेडमास्तर कुरकुरले, पण मंजुळा आत आली. बाकावर बसून ती माझी दोरी ओढी आणि मोठ्याने पाढे म्हणे. किती सुखाचे होते ते दिवस!

मग तपासणीला डेप्युटीसाहेब आले.

"हे काय लोंबतंय? नियमात बसत नाही. काढा!"

हेडमास्तरांना घाम फुटला. बाई पुढे झाल्या. "साहेब, हे काढलं तर उद्या मंजुळा येणार नाही."

साहेबांनी मंजुळेला धडा वाचायला उभे केले. ती वाचू लागली आणि नामाने भोकाड पसरले. मंजुळा थांबली.

साहेब उठले, माझ्याजवळ आले आणि स्वतःच दोरी ओढू लागले.

"वाच, बाळ," ते म्हणाले, "मी आहे इथं."

मी तुळईवरच राहिले. पुढे नामा माझ्यातून उतरून पहिलीत बसला आणि माझ्यात दुसरी बाळे आली. त्याआधी मंजुळा चौथी पास झाली, तेव्हा दाजींनी शाळेत पेढे वाटले.

आता मी जीर्ण झाले आहे. मित्रांनो, मला जपा. पण माझ्याहून जास्त शाळेला जपा. तिच्यातून एखादे मूल निसटले, तर त्याला नावे ठेवू नका. जाळ्याला भोक पडले, तर कोळी माशाला दोष देत नाही. तो सुई घेऊन सांधायला बसतो.