कॉर्डोबा न पाहिलेली बॅग

मित्रांनो, मला उभी करू नका, आडवीच राहू द्या. मी एक जुनी, मरून रंगाची बॅग आहे, आणि खरं सांगायचं तर फार दमले आहे. एक चाक गेलंय, चेन मधेच अडकते, आणि पोटाला एवढी घडी पडलीय की मी रिकामी असले तरी भरलेलीच वाटते. पण तुम्ही समोर येऊन बसलाच आहात, तर सांगते.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला नक्की ठाऊक नाही, कारण आतलं लेबल केव्हाच निघून गेलं. आठवतं ते बहरीनमधल्या मनामाच्या बाजारातलं एक दुकान. तिथं इक्बाल आला. तो तेव्हा अगदी कोवळा होता, मिशीसुद्धा नीट फुटली नव्हती. मुहर्रकच्या एअरपोर्टवर विमानात सामान चढवायची नोकरी, आणि गावी जायची पहिलीच सुट्टी. दुकानदारानं मला जमिनीवर ठेवलं आणि बूट घालून माझ्यावर चक्क उभा राहिला. "बघ, काही होत नाही हिला," तो म्हणाला. माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते. बुटांखाली झालं, पण झालं.

मग सुरू झाल्या माझ्या खेपा. बहरीनहून रत्नागिरीजवळच्या साखरतरला, आणि साखरतरहून परत बहरीनला. जाताना माझ्यात दूधपावडर, साबण, अत्तर, ब्लँकेटं. येताना कोकम, सोडे, भाकरीचं पीठ, लोणच्याच्या बरण्या. यातलं इक्बालचं स्वतःचं फार थोडं असायचं बरं का. आमच्याकडे रीतच आहे. कोणी गावी निघाला की आख्खी गल्ली पार्सल घेऊन येते. हे माझ्या आईला दे, ते माझ्या मेहुण्याला दे. नाही म्हणायचं नसतं, कारण पुढच्या खेपेला आपलंही कोणीतरी नेणार असतं. मी गावात पोचले की अंगणात बायका जमायच्या आणि म्हणायच्या, "काय गो मजबूत बॅग हाय." मी फुगायचे. तशी मी आधीच फुगलेली असायचे म्हणा.

इक्बालचं लग्न झालं आणि सायरा मुहर्रकला आली. मग अल्फिया झाली. घरात चार चाकांवर आपोआप पळणाऱ्या, हलक्याफुलक्या नव्या बॅगा आल्या आणि मला कपाटावर टाकलं. माझ्यात हिवाळ्याची पांघरुणं कोंबली. वर धूळ, आत डांबराच्या गोळ्यांचा वास. तिथून घरातलं सगळं ऐकू येतं, एवढाच काय तो फायदा. या वर्षीची गोष्ट मी तिथूनच ऐकली.

झालं असं, की इक्बालची नोकरी जूनमध्ये संपणार होती. त्यानंतर कायमचं गाव. एअरपोर्टवरच्या माणसाला तिकीट सवलतीत मिळतं, तेही त्याच्याबरोबर संपणार. अल्फियानं हट्टच धरला. ती नववीत आहे आणि हट्ट धरण्यात वस्ताद आहे. "अब्बा, एवढी वर्षं तुम्ही जगभरच्या लोकांच्या बॅगा उचलल्या. आपण फक्त रत्नागिरीला गेलो. एकदा तरी दुसरीकडे जाऊ ना." शेवटी ईदच्या सुट्टीत माद्रिद ठरलं. व्हिसाही आला. आता मधली एक रात्र दुसऱ्या एखाद्या जुन्या शहरात काढायची होती. एकच रात्र, आणि शहरं तीन.

शुक्रवारी जेवण झाल्यावर अल्फिया फोन घेऊन बसली. "हे सेगोव्हिया. रोमन लोकांनी पाणी आणायला बांधलेल्या कमानी आहेत. नुसते दगडावर दगड. मधे चुना नाही, काही नाही."

"पडत नाय काय?" इक्बालनं विचारलं.

"दोन हजार वर्षांत नाही पडलं अब्बा, आपण गेल्यावर कशाला पडेल? हे टोलेडो. टेकडीवर आहे, तीन बाजूंनी नदी. हे पण जवळ, रेल्वेनं अर्धा तास. आणि हे कॉर्डोबा. हे लांब आहे, जवळजवळ दोन तास."

"मग जवळचं कुठलंतरी घे. लांब कशाला?" इक्बाल म्हणाला. बहरीनमध्ये राहणाऱ्या माणसाला अर्ध्या तासापलीकडचं सगळं लांबच वाटतं.

"अम्मी, तू सांग."

सायरा ताटं उचलत होती. "तुम्हांला जे वाटेल ते."

"नो. तू नेहमी असंच म्हणतेस. पिक वन."

सायरा थांबली. मग म्हणाली, "कॉर्डोबा."

मी कपाटावर होते म्हणून बरं, नाहीतर पडलेच असते. सायराला आपलं असं काही हवंय हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मग कळलं, की ती गुडघ्यासाठी ज्या दवाखान्यात जाते, तिथं भिंतीवर एक मोठा फोटो आहे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी आणि त्यांच्याखाली खांबच खांब. नंबर येईपर्यंत ती वर्षानुवर्षं तो फोटो बघत बसायची. एकदा तिनं काउंटरवरच्या बाईला विचारलं, हे कुठलं? कॉर्डोबाची जुनी मशीद, आता तिथं चर्च आहे, असं त्या बाईनं सांगितलं. सायरानं ते मनात ठेवलं आणि घरी येऊन भात टाकला.

"तिथं नमाज पढू देत नायत म्हणे," इक्बाल म्हणाला.

"ठाऊक हाय मला. नमाज मी हॉटेलात पढेन. मला ते खांब बघायचे हायत."

इक्बाल म्हणाला, "बरं. कॉर्डोबा."

आणि त्याच संध्याकाळी मुनाफचाचा आले. त्यांचं आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. हातात दोन पिशव्या, मागे त्यांचा नोकर, त्याच्याही हातात दोन. "इक्बालभाय, स्पेनला चाललाय म्हणे. माझ्या बहिणीचा अर्शद तिथंच हाय की. टोलेडोला. हॉटेलात भांडी घासतो."

"मुनाफभाय, स्पेन केवढं हाय ठाऊक हाय काय?"

"बहरीनपेक्षा थोडं मोठं असेल. यल्ला, चला, धरा."

सोडे, आंब्याचं लोणचं, भाकरीचं पीठ, मुहर्रकचा हलवा आणि एक जाडजूड रजई. "तीन वर्षं घरचं माणूस बघितलं नाय पोरानं," मुनाफचाचा म्हणाले आणि डोळे पुसले. इक्बालनं पिशव्या घेतल्या. हात आपोआपच पुढे झाले त्याचे. एकदा पार्सल घेतलं की ते पोचतं करायचं. त्यात बोलण्यासारखं काही राहत नाही.

मुनाफचाचा गेल्यावर इक्बाल म्हणाला, "टोलेडो पण जुनंच हाय. जवळ पण हाय."

नव्या बॅगांत ती रजई मावेना, म्हणून सायरानं स्टुलावर चढून मला खाली काढलं. मित्रांनो, मी वेडी, मला आनंद झाला. पुन्हा कामाला लागले, पुन्हा कोणीतरी माझ्यावर बसून चेन लावतंय. मग बघितलं, तर सायरा चेन लावून झाल्यावरही उठत नव्हती. तशीच बसून राहिली होती.

माद्रिदच्या हॉटेलात पोचलो. खोली एवढी लहान की मला ठेवलं आणि खोली भरली. दुपारी चहा झाल्यावर इक्बाल म्हणाला, "उद्या सकाळी टोलेडो." सायरा माझ्यावरच बसलेली. ती म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"आपण गावाला जातो, तेव्हा लोकांची पार्सलं आपण दारोदार नेऊन देतो काय?"

"नाय."

"मग?"

"मग काय, ते येतात आपल्या अंगणात. घेऊन जातात."

"हां. मग अर्शदला सांगा, ये आणि घेऊन जा. अर्ध्या तासाचा तर रस्ता हाय."

खरंच, इतक्या वर्षांत आम्ही कधी कोणाच्या दारी गेलो नव्हतो. परदेशात आलो म्हणून रीतच उलटी धरून बसलो होतो. त्यानं अर्शदला फोन लावला.

"मामू, पोचलात?" मुनाफचाचांच्या नात्यानं अर्शद इक्बाललाही मामूच म्हणत होता, आणि त्याचा आवाज एवढा खूश होता की अल्फियासुद्धा पलंगावर उठून बसली. "मी खोली झाडून ठेवलीय. रूममेटला उद्याच्या रात्रीसाठी दुसरीकडं पाठवलंय. मच्छी पण आणून ठेवली."

"तू इकडं येशील काय रे, माद्रिदला?"

"सुट्टी नाय मामू. हॉटेल फुल हाय." मग जरा थांबून, "का? येत नाय काय तुम्ही?"

इक्बालनं सायराकडे बघितलं. आता ती काय म्हणणार, ते मला ठाऊक होतं. तुम्हांला जे वाटेल ते. माझी चेन आवळली गेली.

"येतायत तुझे मामू," सायरा फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली. "मच्छी जास्त तिखट करू नको, त्यांना पित्त हाय." फोन बंद झाल्यावर ती इक्बालला म्हणाली, "पार्सल तुमच्या हातात दिलंय. तुम्ही जा. पोराचं मन मोडू नका. मी कॉर्डोबाला जाते."

"एकटी?"

"मी आहे की," अल्फिया पलंगावरून म्हणाली.

"तुम्हांला भाषा तरी येते काय?"

"मला शाळेत फ्रेंच आहे."

"हे स्पेन हाय."

"जवळच आहे, अब्बा."

इक्बाल हसला नाही. मुहर्रकमध्ये सायराला दवाखान्यात न्यायला-आणायलाही तोच गाडी चालवायचा. तिनं आयुष्यात स्वतः तिकीट काढलं नव्हतं. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. सायरानं वाट बघितली, पण शब्द मागे घेतला नाही. शेवटी तो वळला आणि म्हणाला, "पोचल्यावर फोन कर. विसरू नको."

सकाळी स्टेशनवर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. सायराच्या खांद्यावर अल्फियाची शाळेची सॅक. दोघींचा कपड्यांचा एकेक जोड, नमाजाची जानमाज चटई आणि बिस्किटं, खलास. मी तिला इतक्या कमी सामानात कधी बघितलं नव्हतं. जिना चढताना तिनं कठडाही धरला नाही. मला तिच्याबरोबर जायचं होतं हो. पण मी भरलेली होते.

टोलेडोचं काय सांगू तुम्हांला? सुंदर आहे म्हणतात. मला दिसले फक्त दगड. उभा चढ, अरुंद गल्ल्या आणि एकेक गोटा माझ्या चाकाएवढा. अर्ध्या वाटेत माझं चाक तुटलं आणि टणटणत उताराला गेलं. इक्बालनं मला उचलून खांद्यावर घेतलं. आयुष्यभर त्यानं लोकांचं सामान असंच उचललं. पण आता त्याचा श्वास लागत होता. शेवटी एका चर्चच्या पायरीवर त्यानं मला ठेवलं, अर्शदला फोन केला आणि शेजारी बसला. आम्ही दोघंही थकलो होतो.

अर्शद अॅप्रन घालूनच पळत आला. "मामू, खालून सरकते जिने हायत की. तुम्ही चालत आलात?"

"आधी सांगायचं होतंस," इक्बाल म्हणाला.

खोलीत अर्शदनं मला उघडलं. सोड्यांची पिशवी नाकाशी धरली आणि बराच वेळ खालीच ठेवली नाही. रजई उलगडली तर तिला त्याच्या आईच्या हातचे टाके. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मच्छी गरम करतो," आणि तसाच उभा राहिला. खेप फुकट गेली नाही, एवढं मला तेव्हा वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. सायरा होती.

"पोचलीस? पाय कसा हाय? काही खाल्लं काय?"

"ओ, इथं खांब संपतच नायत," ती म्हणाली. "बाहेर संत्र्याची झाडं हायत. फुलांचा वास येतोय. अल्फिया फोटो काढत फिरतेय. मी नुसती उभी राहिले. कवापासून उभी हाय, आणि कोणी विचारलं नाय, हे कुठं ठेवलंय, ते कुठं ठेवलंय."

इक्बाल म्हणाला, "उद्या सकाळच्या गाडीची घाई करू नको. संध्याकाळच्या गाडीनं या."

"तुम्ही एकटे काय करणार दिवसभर?"

"मी हाय इथं. तू खांब बघ."

माझी गोष्ट एवढीच, मित्रांनो. मी कॉर्डोबा पाहिलं नाही आणि आता पाहणारही नाही. जूनमध्ये घर आवरतील तेव्हा मला गावी नेतात की गल्लीच्या कोपऱ्यावर ठेवतात, मला माहीत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिच्या चाकांतली वाळू काढा आणि तिला थोडी कमी भरा. ती दमते.

आणि एक मागणं आहे. तुमच्या घरचं कोणी कुठे निघालं, तर त्याच्या हातात पार्सल देण्याआधी विचारा, तुला स्वतःला काय बघायचंय? बॅगेला विचारून उपयोग नाही, आम्ही कधीच नाही म्हणत नाही. माणसाला विचारा. ते आधी म्हणेल, तुम्हांला जे वाटेल ते. तेव्हा उठून जाऊ नका. तिथंच थांबा.