अण्णांच्या फियाटचं पथ्य

मित्रांनो, मी एक जुनी डिपस्टिक आहे. नाव इंग्रजी असलं तरी काम साधंच. गाडीच्या इंजिनात एक लांब पोलादी पट्टी खोचलेली असते. ती बाहेर ओढायची, पुसायची, पुन्हा आत घालायची आणि तेल कुठवर लागलंय ते बघायचं. ती पट्टी म्हणजे मी. माझ्या अंगावर दोन खुणा आहेत. तेल त्यांच्या मधोमध असलं की मालक खूश, खाली गेलं की मालकाचं तोंड उतरतं. मला मात्र दोन्ही वेळा फाटक्या बनियननेच पुसतात.

कारखान्यात मला एका पांढऱ्या फियाटमध्ये बसवलं. ती गाडी अण्णांनी घेतली. त्या काळी गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. मुलगा दिनानाथ पाळण्यात होता तेव्हा अण्णांनी नोंदवली आणि तो पाढे म्हणायला लागला तेव्हा ती दारात आली. अण्णा दर रविवारी मला बाहेर काढून चष्म्याजवळ धरत आणि घरातल्या माणसाचा ताप बघावा तसं बघत. फार लाडाचे दिवस होते ते.

पुढे मंडळी नेरूळच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. अण्णा निवृत्त झाले आणि स्टिअरिंग दिनानाथकडे गेलं. दिनानाथ बेलापूरच्या ऑफिसात साहेब होता. बापावर आणि गाडीवर त्याचा जीव, पण डोक्यात एक गोष्ट घट्ट बसलेली: वय झालं की हलकं खावं. अण्णांना डॉक्टरांनी ठणठणीत म्हटलं होतं, तरी दिनानाथने त्यांना सकाळी भाताची पेज आणि रात्री मुगाची खिचडी लावून दिली. अण्णा बिचारे निमूट गिळत.

शहाण्णव साली त्याच्या मेहुण्याने दुबईहून तेलाचा एक चकचकीत डबा आणला. अगदी नव्या गाड्यांसाठीचं ते तेल पाण्यासारखं पातळ होतं. दिनानाथ हरखला. बायकोला, जयमालाला, म्हणाला, "जया, हे बघ! जुन्या गाडीला जड तेल झेपत नाही. तिलाही हलकंच पाहिजे. तू टेन्शन घेऊ नको."

झालं! म्हातारीलाही पेज सुरू झाली.

मित्रांनो, जुन्या इंजिनाचे आतले भाग झिजलेले असतात. त्यांच्यामधल्या फटींतून पातळ तेल निसटतं, जळतं आणि निळा धूर होऊन मागून बाहेर पडतं. तळमजल्यावर वाळत घातलेले कपडे काळवंडले. गाडी जिथे उभी राही तिथे तेलाचं थारोळं साचू लागलं. दिनानाथच्या गाडीला जुलाब लागल्याची बातमी सोसायटीभर पसरली. मी रोज बाहेर निघे ती खालच्या खुणेपर्यंतही कोरडी. लाज वाटे हो!

शेजारच्या गावचे धर्मराजशेठ एकदा हे बघायला थांबले. त्यांचे ट्रक वाशीच्या एपीएमसी बाजारात कांदा पोचवत, म्हणून इंजिनातलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज होता. ते म्हणाले, "आरं दिनानाथ, इंजनात पानी घातलंस काय? जुन्या हाडांना ताकद लागते. माज्या ट्रकच्या गिअरबॉक्सचा त्याल हाय, मधासारका घट्ट. त्योच घाल, बघ कशी पलते!"

दिनानाथने तेही ऐकलं. ऐकीव ज्ञानाचा मोह वाईट. दुसऱ्या दिवशी डिसेंबरची गार सकाळ होती. किल्ली फिरवली तर इंजिन नुसतं कण्हलं. कसंबसं सुरू झालं तेव्हा ते घट्ट तेल वरच्या भागांपर्यंत चढेचना आणि आत पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट झाला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. दिनानाथने गाडी बंद केली आणि रागाच्या भरात पंढरी भंगारवाल्याला रविवारचं बोलावणं धाडलं.

अण्णा खाली आले. "तुला योग्य वाटेल ते कर," एवढंच बोलले. सदऱ्याच्या बाहीने त्यांनी बॉनेटवरची धूळ पुसली आणि मान खाली घालून जिना चढले. मला फार वाईट वाटलं. जयमालाने ते गॅलरीतून पाहिलं होतं.

रविवारी पंढरी हातगाडी घेऊन हजर झाला. तेवढ्यात जयमाला कढत पाण्याचं पातेलं घेऊन खाली आली. पाण्यात तीन वाट्या तरंगत होत्या. एकीत दुबईचं तेल, दुसरीत धर्मराजशेठचं आणि तिसरीत वाशीच्या दुकानातून तिने स्वतः आणलेलं, डब्यावर वीस-पन्नास आकडे असलेलं.

"अगं, हे काय नवीन?" दिनानाथ म्हणाला.

"अहो, लाडवाचा पाक कधी बघतात? गरम असताना. गार झाल्यावर बघून काय कळणार? तुम्ही दोन्ही वेळा डब्यातलं गार तेल बघून ठरवलंत. इंजिन तर तापतं!"

तिने मला उपसलं, पुसलं (स्वच्छ फडक्याने, मित्रांनो!) आणि एकेका वाटीत बुडवून उभं धरलं. दुबईचं तेल टपटप गळून गेलं. धर्मराजशेठचं कढत असूनही माझ्या अंगाला चिकटून बसलं. तिसरं बेताने ओघळलं, खाली बारीक तार धरली आणि माझ्यावर एक पातळ थर ठेवून गेलं. आजवर सगळ्यांनी मला तेल किती आहे एवढंच विचारलं होतं. ते कसं आहे हे विचारणारी ही पहिलीच!

"दुकानदार म्हणाला, डब्यावरचा पहिला आकडा गार असतानाचा, दुसरा तापल्यावरचा," जयमाला म्हणाली. "सकाळी वाहायला हवं आणि तापल्यावर टिकायला हवं. पंढरीभाऊ, जरा थांबा."

पंढरी हातगाडीवरच टेकला. घट्ट तेल काढून नवीन ओतलं. दुसऱ्या किल्लीला इंजिन सुरू झालं! अण्णांना शेजारी बसवून दिनानाथने गाडी थेट पारसिकच्या टेकडीवर चढवली. थोडासा धूर निघाला, पण तेवढा वयाचा मान. पंढरी दुबईचा डबा घेऊन गेला.

परत आल्यावर अण्णांनी स्वतः बॉनेट उघडलं. मला ओढून काढलं, गरम तेलाचा थेंब चिमटीत धरून बोटं हळूच उघडली आणि म्हणाले, "सूनबाई, एकतारी! आता माझीही पेज बंद कर. पिठलं-भाकरी दे, वर ठेचा."

दिनानाथ ओशाळला. "अण्णा, आधी का नाही बोललात?"

"तू विचारलंस कधी?"

मित्रांनो, गाडीची काळजी जरूर घ्या. तिचं वय बघा, झीज बघा आणि मगच तेल निवडा. तिला बोलता येत नाही, म्हणून बिचारीला धूर सोडावा लागतो. घरातल्या आजोबांना मात्र बोलता येतं. आज त्यांच्या ताटात काय वाढायचं ते तुम्ही त्यांनाच विचाराल ना?