पाचवी गादी

उस्तादांनी तीस वर्षं ट्रकच्या सीटा शिवल्या. प्रत्येक सीट ते स्वतः बसून बघत. कुठे टोचतंय ते दोन मिनिटांत कळे. मग एका दुपारी दुकानाच्या माळ्यावरून पडले, पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचं सगळं मुकं झालं.

मुक्या अंगाला फोड आला तरी ते सांगत नाही. गेल्या वर्षी चाकांच्या खुर्चीत बसून बसून माकडहाडाशी असाच एक चिघळला. जवळच्या दवाखान्याला सात पायऱ्या, आणि त्या चढवून नेल्यावर डॉक्टर म्हणाले, हे आमच्याकडे होत नाही. मोठं इस्पितळ चार तासांवर. तिथे तीन महिने पालथं पडण्यात दुकान गेलं. सुई तेवढी राहिली. आणखी एक फोड आला असता, तर रजा संपलेल्या बायकोची नोकरीही गेली असती.

इस्पितळातल्या सिस्टरनं खुर्चीत ठेवायला हवेची गादी घ्यायला सांगितलं. किंमत ऐकून बायकोनं विचारलं, यात खुर्ची पण येते का? सिस्टर हसली नाही, पण पंधरा दिवसांच्या बोलीवर एक जुनी गादी उसनी दिली.

चौथ्या दिवशी उस्तादांनी तिची खोळ उसवली. बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. आत रबरी फुग्यांच्या ओळी होत्या. त्या त्यांनी तासभर चाचपल्या, आणि फोमचे तुकडे मागवून कापायला घेतले. कुठे मऊ, कुठे घट्ट, माकडहाडापाशी खळगा.

पण बसून बघणार कोण? बायको खुर्चीत बसली. वजन कमी पडतं म्हणून मांडीवर पिठाचा भरलेला डबा. तासाभरानं त्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, छान आहे. पंचवीस वर्षं ती सगळ्यालाच छान म्हणत आली होती.

दुसऱ्या दिवशी त्या गादीवर ते बसले. संध्याकाळी तिनं आरशात त्यांना लाल डाग दाखवला. अर्धा तास झाला तरी जाईना. रात्री गेला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"टोचत होतं?" त्यांनी विचारलं.

"थोडं. उजवीकडे."

"मग बोलायचं ना गं. माझं ढुंगण आता तूच आहेस."

तिला हसू आवरेना. दुसऱ्या गादीत तिनं चार चुका काढल्या, तिसरीत सहा. चौथीवर तर ती अशी करवादली, की शेजारीण डोकावून गेली.

पंधराव्या दिवशी सकाळभर ते पाचवीवर बसले. दुपारी तिनं आरसा धरला. कातडी जशीच्या तशी.

"छान?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"डाग नाही," ती म्हणाली. "पण डाव्या कडेची शिवण अजून बोचते हं."

उस्तादांनी सुईत दोरा ओवला. तिनं त्यांच्याकडून उसन्या गादीची खोळही शिवून घेतली आणि इस्पितळात परत द्यायला पिशवीत भरली.