ओडेसाच्या पायातलं नाणं

रूफस टॉलिव्हरला आयुष्यात दोन गोष्टींचा नाद लागला. पहिला सिगारेटचा, तो बायकोनं सोडवला. दुसरा जुन्या चांदीच्या डाइमचा, म्हणजे दहा सेंटांच्या नाण्यांचा. तो सोडवायच्या आधीच बिचारी गेली. बर्मिंगहॅमच्या टपाल कचेरीत चाळीस वर्षं काढली त्यानं. तिकिटांच्या खिडकीवर जमणाऱ्या चिल्लरीतून तो एकेक नाणं वेचायचा आणि त्याच्या जागी आपल्या खिशातलं टाकायचा. निवृत्त होऊन तो सॉरेल गावी, बहिणीच्या शेजारी राहायला आला, तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि पुठ्ठ्याचे निळे अल्बम जास्त होते.

त्यातला एक अल्बम जिवापाड. पंख लावलेल्या टोपीतल्या बाईच्या डाइमचा. लोक त्याला मर्क्युरी डाइम म्हणतात, रोमन लोकांच्या त्या उडत्या निरोप्या देवाच्या नावानं. रूफसला ते ऐकून राग यायचा. "अरे, देव नाही तो, बाई आहे! स्वातंत्र्यदेवता आहे! पंख टोपीला आहेत, कारण विचाराला पंख असतात. एवढंही कळत नाही, आणि नाणी जमवायला निघाले!" हे तो नाण्यांच्या क्लबात सांगायचा, केशकर्तनालयात सांगायचा, चर्चबाहेर पार्किंगमध्ये सांगायचा. मागच्या बाजूला काठ्यांची मोळी, त्यात बांधलेली कुऱ्हाड, भोवती ऑलिव्हची फांदी. मोळी म्हणजे एकी, कुऱ्हाड म्हणजे बळ, फांदी म्हणजे शांतता. ऐकणारे कंटाळायचे, तो कंटाळायचा नाही.

त्या अल्बमात प्रत्येक सालाला, प्रत्येक टांकसाळीला एकेक खाच असते. सगळ्या भरल्या होत्या, एक सोडून. एकोणीसशे सोळा सालचं, डेन्व्हरच्या टांकसाळीचं. तिथं त्या वर्षी फार थोडी नाणी पडली. मोळीच्या पायथ्याशी, डाव्या हाताला, मोहरीएवढं इंग्रजी 'डी' अक्षर असतं, तेवढीच त्याची ओळख. विकत घ्यायचं म्हटलं तर टपालवाल्याच्या पेन्शनची ती बाब नव्हती. आणि घेतलं असतं तरी त्याला समाधान नसतं. त्याला वाटायचं, ते नाणं त्याला ठाऊक आहे. गेली कित्येक वर्षं ते त्याच्या डोळ्यांसमोर चालतं-फिरतं आहे.

ते त्याच्या बहिणीच्या पायात होतं.

ओडेसा त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्याला वाढवलं, मारलं, शाळेत घातलं. वडील रेल्वेत हमाल होते. सतरा सालच्या जानेवारीत ओडेसा जन्मली, त्याच आठवड्यात डेन्व्हरहून आलेल्या एका प्रवाशानं त्यांच्या हातावर बक्षिशी म्हणून कोरं करकरीत डाइम ठेवलं होतं. आईनं खिळ्यानं पंखाच्या वर भोक पाडलं, पांढरा सुती दोरा ओवला, नऊ गाठी मारल्या आणि पोरीच्या डाव्या घोट्याला बांधलं. दक्षिणेतल्या काळ्या बायका असंच करायच्या. कुणी वाईट चिंतलं, कुणी करणी केली, तर चांदी काळी पडते आणि माणूस सावध होतं. दोरा झिजला की नवा, पण नाणं तेच. एक्याऐंशी वर्षं तेच.

चेहरा बाहेरच्या बाजूला असायचा, त्यामुळे साल रूफसनं कधीच वाचलं होतं. सोळा. पाठ मात्र कातडीला.

"ताई, एकदा उलटं करून दाखव ना. हातसुद्धा लावणार नाही." हे तो तीस वर्षं म्हणत होता.

"आईनं सांगितलंय, बाईचं तोंड बाहेर. तिला येणारा-जाणारा दिसला पाहिजे."

"पण मागं काय आहे ते तुला बघावंसं नाही वाटत?"

"काठ्या आणि कुऱ्हाड आहे, तूच सांगितलंस. या गावात जन्मले मी रूफस, काठ्या आणि कुऱ्हाड कशासाठी असतात ते मला नाण्यावर बघायला नको. त्या आपल्या माझ्या कातडीला असू देत. तिला सवय आहे."

त्यावर तो तिच्या ताटातला मक्याचा पाव उचलायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या वसंतात ओडेसानं अंथरूण धरलं. हृदय दमलं होतं. पाय सुजले, कातडी फुटली, डॉक्टरांनी कसलंसं पिवळं मलम दिलं. मुलगी लॉरेन डेट्रॉइटची नोकरी सोडून आईजवळ येऊन राहिली होती. तीच सकाळ-संध्याकाळ मलम लावायची. एका सकाळी तिनं पांघरूण बाजूला केलं आणि तिचा हात थांबला. नाणं काळं पडलं होतं. कोळशासारखं.

ओडेसानं ते तिच्या चेहऱ्यावरच वाचलं. "आरसा आण," ती म्हणाली. लॉरेननं हातआरसा पायाशी धरला. म्हातारीनं बराच वेळ पाहिलं.

"कुणीतरी माझ्या मरणावर टपलंय," ती शांतपणे म्हणाली.

रूफस खिडकीशी ताकात पाव कुस्करत बसला होता. त्याला उत्तर तोंडपाठ होतं. मलमात गंधक आहे, गंधकानं चांदी काळी पडते, अंड्याला लागलेला चांदीचा चमचासुद्धा काळा पडतो. हेच त्यानं क्लबात शंभरदा समजावलं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि त्यात पावाचा घास कोंबला. कारण गंधक खरं होतं, आणि दुसरंही खरं होतं. आदल्याच रात्री झोपताना त्याच्या मनात येऊन गेलं होतं, की ताई गेली की ते नाणं... पुढचं वाक्य त्यानं पुरं केलं नव्हतं, पण सुरू तर केलं होतं.

"लॉरेन, जरा बाहेर जातेस का पोरी?" तो म्हणाला.

ती गेल्यावर तो पलंगाशी आला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, हातात ताकाचा पेला तसाच.

"ताई, तो मी."

"काय तू?"

"टपलेला. मरणावर नाही, देवाशपथ नाही. पण नाण्यावर. आणि ते तू असेतो मिळणार नाही, म्हणजे... तूच समज."

ओडेसा हसली. हसताना तिला खोकला आला, त्यानं तिला पाणी पाजलं.

"मेल्या, मला सांगतोस? बाकीची माणसं माझ्या तोंडाकडे बघून बोलतात. तू तीस वर्षं माझ्या पायाशी बोलतोयस. लोकांना वाटतं केवढा नम्र भाऊ आहे!"

"मी ते मागणार नाही."

"मागू नको आणि वचनही देऊ नको. नाणी जमवणाऱ्याचं वचन आणि मांजराचा उपास, दोन्ही ऐकायला बरी." मग तिनं डोळे मिटले. "मला भीती नाही वाटत रूफस. पण अनवाणी गेल्यासारखं होईल त्याच्याशिवाय. जन्मात कधी काढलं नाही. एवढंच."

पुसून दे, असं ती म्हणाली नाही, आणि त्यानंही पुसलं नाही. नाणं पुसणं हे त्याच्या लेखी पाप होतं.

बारा दिवसांनी, रविवारी सकाळी, चर्चच्या घंटा वाजत असताना ती गेली.

पुढचं सगळं रूफसनंच केलं. लॉरेन रडण्यात, फोन करण्यात आणि लोकांनी आणलेल्या कोंबडीच्या थाळ्या ठेवायला जागा शोधण्यात बुडाली होती. अंत्यविधीचं दुकान पर्व्हिसचं. त्यानं कागद पुढे केले, रूफसनं चश्मा लावून भरले. पेटीचा रंग, फुलं, कपडे. अंगावरचे दागिने बरोबर ठेवायचे की कुटुंबाला परत द्यायचे, हाही एक चौकोन होता. त्यानं खूण केली, सही केली आणि घरी येऊन झोपला.

शनिवारी, प्रार्थना सुरू व्हायला वीस मिनिटं असताना, पर्व्हिसनं चर्चच्या दारात त्याच्या हातात एक छोटं पाकीट ठेवलं. "मॅडमचे दागिने. कागदात परत द्यायचे म्हणून होतं."

पाकिटात लग्नाची अंगठी होती आणि कातरलेल्या दोऱ्यासह ते नाणं होतं. पर्व्हिसच्या माणसांनी ते घासून लख्ख केलं होतं.

रूफस गायकांचे झगे टांगायच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. त्यानं चाळीस वर्षं सरकारी कागद भरले होते, दुसऱ्यांचे तपासले होते. एकही चौकोन न वाचता खूण करणारा माणूस तो नव्हता. त्या दिवशी तो दुःखात होता, डोळ्यांत पाणी होतं, हे खरं. पण चौकोन वाचला होता की नव्हता? त्यानं स्वतःला तीनदा विचारलं. त्याला स्वतःची किळस आली. आणि तशी किळस येत असतानाच त्याचा हात कोटाच्या खिशात भिंगाकडे गेला. सवय मेली कधी मरते?

त्यानं नाणं उलटं केलं.

काठ्यांची मोळी राहिली नव्हती. कुऱ्हाड राहिली नव्हती. एक्याऐंशी वर्षं ओडेसाच्या घोट्यानं ती घासली होती, कापसाच्या शेतात, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात, काळ्यांनी बसवर बहिष्कार घातला तेव्हा कामावर चालत जाताना. सगळं गुळगुळीत. ऑलिव्हच्या फांदीची एकदोन पानं होती. आणि खाली, डावीकडे, जिथं उंचवट्याच्या आडोशाला झीज पोचली नव्हती, तिथं मोहरीएवढं एक अक्षर होतं.

त्यानं भिंग पुसलं. पुन्हा पाहिलं. खिडकीशी जाऊन पाहिलं. मग तो झग्यांखालच्या बाकावर बसला. भोक पाडलेलं, घासलेलं, बाजारात त्याला फारसं कुणी विचारलं नसतं. पण त्याला बाजार हवाच कुठं होता? ते त्याचं होतं. कायद्यानं, कागदानं, रक्तानं. वडिलांनी खोटं सांगितलं नव्हतं. बाहेर ऑर्गन सुरू झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला हवं ते हातात होतं, आणि ते उन्हात ठेवलेलं असावं तसं हाताला उबदार लागत होतं. दोन-तीन मिनिटं तो अगदी सुखात होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग तो उठला.

चर्च भरलं होतं. पांढरे हातमोजे घातलेल्या बायका हातपंखे वाटत होत्या. पेटीचं वरचं झाकण उघडं होतं, पायाकडचं बंद. रूफस थेट पेटीपाशी गेला आणि पर्व्हिसला म्हणाला, "खालचं उघड."

"साहेब, आता? सगळ्यांसमोर? पायाकडचं कुणी..."

"उघड म्हटलं ना."

पास्टर ग्रिग्ज खाली उतरून आले. हातातलं नाणं पाहून त्यांच्या कपाळावर आठी चढली. असल्या गंडेदोऱ्यांवर त्यांनी गेल्याच महिन्यात तासभर प्रवचन दिलं होतं. "बंधू टॉलिव्हर," ते हलक्या आवाजात म्हणाले, "हे देवाचं घर आहे. इथं हे शोभत नाही."

"पास्टरसाहेब, पन्नास वर्षं ती हे पायात घालून तुमच्या पहिल्या बाकावर बसली. देव काही बोलला नाही. आज तुम्ही बोलू नका."

पहिल्या रांगेतून एका म्हातारीचा आवाज आला, "बांधू दे त्याला!" मागून आणखी दोघी-तिघी म्हणाल्या, "बांध बाबा, बांध!" पास्टर दोन पावलं मागं सरले.

लॉरेननं पर्समधल्या शिवणाच्या डबीतून जाड पांढरा दोरा काढला. रूफसनं तो चौपदरी केला, ओवला आणि गुडघे टेकले. मोजा खाली सरकवला. घोट्याभोवती दोऱ्याचा फिकट वळ होता आणि बाजूला नाण्याएवढा एक गोल, बाळाच्या कातडीसारखा कोवळा. त्यानं नाणं बरोबर तिथं ठेवलं, पंखवाल्या बाईचं तोंड बाहेर करून. पहिली गाठ मारली, दुसरी मारली. पाचवीला त्याला दिसेनासं झालं. इतका वेळ तो रडला नव्हता, आता नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि सहाशे माणसांसमोर ते पुसायला हात मोकळा नव्हता. लॉरेन शेजारी बसली, तिनं गाठीवर बोट दाबून धरलं. त्यानं उरलेल्या गाठी मारल्या. सहा, सात, आठ, नऊ.

"मामा," लॉरेननं कानाशी विचारलं, "मागं पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग? होतं?"

रूफसनं मोजा वर ओढला, नीट सरळ केला.

"होतं गं," तो म्हणाला, आणि पर्व्हिसला झाकण लावायची खूण केली.