वगळलेली फाइल

मंगळवारी सकाळी माझा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला, तेव्हा मी घाबरलो नाही. एवढं धैर्य आयुष्यात प्रथमच दाखवत होतो, म्हणून बायकोला मुद्दाम ऐकवलं, "काळजी नको. रोज सगळ्याची प्रत दूरच्या सर्व्हरवर जाते. भाचीने सोय करून ठेवलीय."

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माझ्या वडिलांवरचं पुस्तक त्यात होतं. प्रकाशकाला ते शुक्रवारी द्यायचं होतं. असे शुक्रवार त्याने मला बरेच दिले होते. हा शेवटचा, असं या वेळी बजावलं होतं.

संध्याकाळी भाची स्वतःचा लॅपटॉप घेऊन आली. सर्व्हरवरून एकेक गोष्ट उतरू लागली. विजेची बिलं, माझ्या दाताचा एक्स-रे, संपादकांना लिहून कधीच न पाठवलेली पत्रं. पुस्तक मात्र आलं ते दोन वर्षांपूर्वीचं.

"मामा, ही फाइल तुम्ही बंद कधी करायचात?"

"बंद कशाला? मध्येच एखादा शब्द बदलावासा वाटला तर?"

तिने कपाळाला हात लावला. "अहो, प्रती काढणारा प्रोग्राम उघडी फाइल उचलत नाही. सोडून पुढे जातो. तशी सूचना यायची ना?"

यायची. 'एक फाइल वगळली', रोज. माझं काहीतरी वगळलं जातंय, यात मला नवल वाटलं नव्हतं.

"मग हे जुनं तरी कसं आलं?"

"तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळचं असेल," बायको म्हणाली. "टेबल पुसताना मी सगळं बंद केलं होतं."

दोन वर्षांच्या दुरुस्त्या गेल्या. बायकोने लॅपटॉप पुढे ओढून वाचायला घेतलं आणि थोड्या वेळाने हसली.

"मामंजी गावाची घड्याळं लावायचे आणि स्वतः दुकानात उशिरा पोचायचे, हे नंतर काढलंत का?"

"बरं दिसेना."

"नंतरच्या पुस्तकातले गृहस्थ कोण होते देव जाणे. सारखे गंभीर. हे आपले मामंजी आहेत." ती भाचीकडे वळली. "पाठव गं प्रकाशकाला."

"थांब, पहिल्या पानावर एक स्वल्पविराम—"

"गेलं, मामा."

शुक्रवारला अजून अवकाश होता. तेवढ्या वेळात मी पुस्तकाचं काय केलं असतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.