अबासोलो रस्त्यावरचा खड्डा

आमच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर खड्डे छापून येतात, म्हणून नदीपलीकडचे अमेरिकन आम्हाला हसतात. हसू देत. महिनाभर अलीकडे येऊन राहा म्हणावं.

सुरुवात झाली ती बाजारातल्या गोळीबारानं. माणसं पडली आणि लगेच आमच्या नाबोरचा फोन वाजला. नाबोर खेळाचं पान बघतो. गावावर हुकूम चालवणाऱ्या अमली पदार्थांच्या टोळीचे निरोपही त्याच्याकडेच येतात. हे काम त्यानं मागून घेतलेलं नाही, बिचाऱ्याच्या गळ्यात पडलं. निरोप होता, एक ओळही छापायची नाही. संपादक मी, पान माझं, आणि ते कोरं. चिडून मी तिथं बाजारासमोरच्या खड्ड्याचा फोटो लावला. सकाळी अख्ख्या गावाला कळलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, आमच्याकडे खड्डाही पुरतो. तेव्हापासून छापता न येणाऱ्या बातमीच्या जागी खड्डाच. मक्याच्या तोर्तिया-भाकऱ्यांच्या रांगेत बायका एकमेकींना विचारायच्या, "आज केवढाय गं?" मोठा असला तर पोरांना शाळेत धाडायच्या नाहीत. कळलं नाही ते एकट्या महापौरांना. शहराची बदनामी करता म्हणून ते माझ्यावर डाफरायचे.

फोटो काढायचा फिदेन्सियो. रस्त्यावर पोटावर झोपून असा काढायचा की वीतभर खड्डा विहिरीसारखा दिसावा. शर्ट कायम मळलेला. आई धुऊन धुऊन वैतागायची.

त्या फिदेला उचलला. भरदिवसा, अबासोलो रस्त्यावर, लोखंडी सामानाच्या दुकानासमोर. दुकानदारानं शटर ओढून घेतलं, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही ओढलं असतं.

त्याची आई तेंचा माझ्या टेबलासमोर येऊन बसली. तिला फार काही नको होतं. मुलाचा फोटो आणि खाली एक शब्द.

"बेपत्ता लिहू नकोस, पोरी. बेपत्ता मांजर होतं. माझ्या मुलाला उचललाय. तेवढं लिही."

मी नाबोरला विचारायला लावलं. तो बाहेर जाऊन बोलून आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. शब्द नाही, फोटो नाही, नावही नाही. वर माझ्या मुली कुठल्या शाळेत जातात तेही त्यांनी सांगितलं होतं. मी तेंचाला म्हटलं, खड्डा छापते, लोकांना कळेल. ती म्हणाली, "माझा मुलगा खड्डा नाही." आणि उठून गेली.

त्या दुकानासमोर खराच खड्डा होता, कित्येक वर्षांचा. मी फिदेसारखीच पोटावर झोपले आणि फोटो काढला. अख्ख्या पानभर छापला. खाली फक्त रस्त्याचं नाव.

गावाला कळलं. कुणी खड्ड्यात मेणबत्ती लावली, कुणी झेंडूची फुलं ठेवली. तेंचा तिथं जाऊन उभी राहिली, आणि एरवी तिला चुकवून जाणारे तिचा हात धरून बोलले. संध्याकाळी येऊन ती मला म्हणाली, "बरं, खड्डा तर खड्डा." मला आतून फार बरं वाटलं.

एक दिवस तेवढं टिकलं. मग नगरपालिकेचा डांबराचा ट्रक आला आणि मेणबत्त्या-फुलांसकट खड्डा बुजवून गेला. आता तिथला रस्ता गावात सगळ्यात गुळगुळीत आहे.

नाबोर माझ्याजवळ येऊन खाली बघत म्हणाला, "बाई, आपले खड्डे टोळीवाल्यांनाही पहिल्यापासून कळत होते. हसायचे म्हणे. आता हसत नाहीत. यापुढे खड्डा बंद. आणि उद्या रस्ता दुरुस्त झाल्याची बातमी, पहिल्या पानावर, फोटोसकट."

मी छापली. मुली शाळेत गेल्या होत्या. छापली.

दुसऱ्या दिवशी तेंचा आली ती काळ्या कपड्यांत. हातात आमचा अंक होता. म्हणाली, सकाळपासून शेजारणी येतायत. गोड पाव आणतायत, कॉफीची किटली आणतायत, गळ्यात पडून रडतायत. गेलेल्या माणसासाठी बसतात तशा जपमाळ घेऊन प्रार्थनेलाही बसल्या. तिनं विचारलं, कशासाठी? तर त्यांनी पेपर दाखवला.

"या गावाला तू वाचायला शिकवलंस," ती म्हणाली. "आता मला सांग. खड्डा बुजला म्हणजे माझा फिदे गेला का?"

मला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. मी तिला सांगितलं की ती बातमी रस्त्याचीच होती, नुसत्या रस्त्याची.

तिनं अंकाची घडी घातली आणि विचारलं, जपमाळ चालू ठेवायची की बायकांना घरी पाठवायचं.