चोविसावा ट्रॅक

झिपऱ्याच्या डोक्यावर आता औषधालाही केस उरला नव्हता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. एके काळी त्याचे केस पार कमरेपर्यंत होते. आईची लिपस्टिक, बहिणीचं काजळ आणि अंगावरच शिवलेली वाटावी अशी चकचकीत पँट, अशा थाटात तो स्टेजवर गिटार वाजवायचा. बँडचा पहिलाच अल्बम असा काही गाजला, की 'काय हे सोंग!' म्हणून नाकं मुरडणारे शेजारीच सह्या मागायला दारात उभे राहिले.

आज तो, जिथे तो अल्बम रेकॉर्ड झाला त्याच स्टुडिओत बसला होता आणि शेजारी पुतणी. दादाच्या घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज कायमचा गेला. घरात कुणी त्याचा आवाज कधी टिपून ठेवला नव्हता. परवा पुतणीनं विचारलं, "काका, बाबा तुमच्या बँडमध्ये गायचे ना? मग अल्बममध्ये कसे नाहीत? मूळ टेपवर तरी असतील की!"

"बघू," म्हणाला झिपऱ्या. खरं सांगायची छाती होती कुठे त्याची?

टेपवर ट्रॅक चोवीस, म्हणजे एकेका वाद्याला किंवा आवाजाला एकेक कप्पा. तेवढे भरले की जागा संपली. दादा अल्बममध्ये एकाच गाण्यात होता, मुख्य गायकाच्या साथीला, आणि तेच पुढे सगळ्यात गाजलं; त्यात चोविसाव्या ट्रॅकवर त्याचा आवाज होता, वरच्या पट्टीतला, लख्ख. आणि झिपऱ्यासाहेबांना स्वतःच्या दोन गिटार पुरेनात, तिसरी हवी! रेकॉर्डिस्टकाकांनी विचारलं, "कुणाचं पुसू?" दादा जेवायला बाहेर गेला होता. झिपऱ्या म्हणाला, "दादाचं पुसा. त्याला मी सांगतो."

सांगितलं नाही. अल्बम घरी आला, सगळे भोवती जमले, गाणं वाजलं. दादा शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "छान वाजवलंस रे." दुसऱ्या दिवशी तो बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागला आणि पुन्हा कधी गायला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या, तर झिपऱ्या आयुष्यभर असा आतून कुरतडला गेला नसता.

तरी वेडी आशा असतेच ना! काकांनी तेव्हा ऐकलंच नसेल, गुपचूप दुसरी प्रत काढून ठेवली असेल, असं मनाशी घोकत तो आला होता.

रेकॉर्डिस्टकाका आता ऐंशीला टेकले होते. जुनी टेप चिकट होते, म्हणून त्यांनी ती आदल्या दिवशी आठ तास मंद आचेवर शेकून घेतली होती. "फार वेळा नाही हं चालणार," त्यांनी बजावलं. बाकीचे तेवीस ट्रॅक बंद करून त्यांनी चोविसावा तेवढा उघडला.

गिटार. नुसती गिटार. किंचाळणारी, मिरवणारी, स्वतःवरच खूश असलेली. पुतणी कान देऊन बसली होती. हळूहळू तिचा चेहरा उतरला.

"इथेच होता तो," झिपऱ्या म्हणाला. "मीच पुसायला लावला. तुझ्या बापाला न विचारता."

गिटार थांबली. टेपची नुसती खरखर उरली. काकांनी बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात कुणीतरी खाकरलं. झिपऱ्याची गिटार जिथे संपली होती, तिथे पुसणंही संपलं होतं. पुढचं जुनं तसंच राहिलं होतं.

"काका," दादाचा आवाज आला, तरणा, हसरा, "माझा आवाज जरा कमी करा ना. धाकट्याची गिटार दबतेय बिचारी. ती ऐकू यायला हवी."

झिपऱ्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. म्हातारा माणूस तो, पण पोरासारखा हुंदके देऊन रडला.

पुतणीचेही डोळे भरले होते. ती रेकॉर्डिस्टकाकांकडे वळून म्हणाली, "पुन्हा लावता?"